याले बटन कोठे शे?

डोळसांचे एक पुस्तक ब्रेलमध्ये उतरवले की त्याचे चार-पाच जाडजूड खंड होतात. आमच्या किस्स्यांचेही तसेच आहे. मूळ घटना तळहाताएवढी असते, पण ती ठेवायला अख्खे कपाट लागते. आमच्या खोलीत तीन-साडेतीन वर्षांत असे इतके खंड साठले, की त्यांतले काही बाहेर काढल्याशिवाय आता माझ्याकडे नव्याला जागा उरलेली नाही.

ती खोली नंदुरबारच्या एका वाचनालयाच्या मागच्या अंगाला होती. पूर्वी तेथे रद्दी ठेवत असत. रद्दी गेली, वास राहिला. दर रविवारी दहा ते चार ती आम्हाला मिळे. एक कपाट ब्रेल खंडांचे, एक टेपरेकॉर्डर, कॅसेटची तीन खोकी आणि दोन बाके. नियमाने येणारे आम्ही तिघे होतो. रायसिंग काठी गावाच्या वरच्या पाड्यातला, बँकेच्या परीक्षांची तयारी करणारा. दशरथनाना विसरवाडीचे, साठी ओलांडलेले, सरकारी कचेऱ्यांच्या वेताच्या खुर्च्या विणणारे. आणि मी मनीषा, शहादा तालुक्यातली, तेव्हा इतिहासात एम.ए. करणारी. नाना जन्मापासून अंध. रायसिंगची दृष्टी चौथ्या वर्षी गेली आणि माझी अकराव्या. त्यामुळे रंगांवरून वाद झाला की निकाल माझ्याकडे असे.

क्रम शक्य तितका खरा ठेवला आहे. संवाद मात्र आठवणीतून लिहिले आहेत. एखादा शब्द इकडेतिकडे झाला असल्यास दोष माझा.

*

टचस्क्रीनचा पहिला फोन खोलीत रायसिंगने आणला. त्याचा थोरला भाऊ सुरतला कापडाच्या कारखान्यात होता. त्याने नवा घेतला आणि जुना धाकट्याला दिला.

तोपर्यंत आम्ही तिघेही बटनांच्या फोनवर सुखात होतो. पाचाच्या बटनावर एक बारीक उंचवटा असतो. आमच्या जगाचा मध्यबिंदू तोच. नानांना पन्नास-साठ नंबर पाठ होते, पण तोंडाने एकही सांगता येत नसे. कोणी नंबर विचारला तर ते मांडीवर बोट चालवून बघत आणि मग एकेक आकडा सांगत. नंबर त्यांच्या डोक्यात नव्हते, अंगठ्यात होते.

रायसिंगने फोनमध्ये स्क्रीन रीडर चालू केला, म्हणजे पडद्यावर बोट ठेवले की खाली काय आहे ते फोन बोलून सांगतो. पहिली पाळी माझी. माझे उजव्या हाताचे पहिले बोट ब्रेल वाचणारे. मी ते सवयीने काचेवर हलकेच डावीकडून उजवीकडे फिरवले. फोन म्हणाला, "घड्याळ." पुन्हा फिरवले. "कॅमेरा." ओळ संपली असे समजून मी बोट परत डावीकडे आणले. "घड्याळ." अशा रीतीने घड्याळ आणि कॅमेरा यांच्या दरम्यान मी बराच प्रवास केला. बोट फिरवणे म्हणजे वाचणे, हे मला वयाच्या बाराव्या वर्षापासून शिकवलेले. आणि या वस्तूच्या लेखी बोट फिरवणे म्हणजे पान उलटणे होते.

"मनीषा, हे पुस्तक नाही," रायसिंग म्हणाला. "एका जागी टेकव. मग दोनदा टकटक कर. दारावर करतो तशी."

मग फोन नानांच्या हातात गेला. त्यांनी तो पुढून चाचपला, मागून चाचपला, चारही कडांवरून नख फिरवले आणि शेवटी हुंगला.

"याले बटन कोठे शे?"

"सगळीकडे आहे, नाना."

नानांनी थोडा विचार केला. "म्हंजे कोठेच नही," ते म्हणाले आणि फोन परत देऊन खुर्चीकडे वळले.

नंतर मी या विषयावर पुष्कळ वाचले. इतकी नेमकी व्याख्या मला अद्याप आढळलेली नाही.

*

त्याच नानांनी महिन्याभरात स्वतःहून फोनचा विषय काढला, तेव्हा आम्हाला नवल वाटले. मग त्यांनी एका पत्राची गोष्ट सांगितली. हा किस्सा विनोदी नाही, परंतु तो वगळला तर पुढचे काहीच कळणार नाही.

नाना विशीत असताना अंधांच्या शाळेतून खुर्च्या विणायचे काम शिकून तापीकाठच्या आपल्या मूळ गावी परतले होते. नाशिकला एका कार्यालयात खुर्ची विणकराची जागा निघाली होती, तिथे त्यांनी अर्ज केला. काही महिन्यांनी पत्र आले. पोस्टमनने ते ओट्यावर बसून नानांच्या वडिलांना वाचून दाखवले. नाना आत होते. वडिलांनी पत्राची घडी केली, ती कुठेतरी ठेवून दिली आणि आत येऊन सांगितले, मामाचे पत्र आहे, सगळे बरे आहे.

दोन वर्षांनी एका लग्नात तोच पोस्टमन नानांच्या शेजारी पंगतीला बसला आणि त्याने सहज विचारले, "नाशिकले काबरं गया नही तू?"

रायसिंगने विचारले, की नानांना वडिलांचा राग आला नाही का.

"राग कसाना? पोऱ्यानी दूर जावाले नको, इतलंच त्याले वाटनं," नाना म्हणाले. "पन पत्र मन्हं व्हतं."

आता नानांना कामाचे निरोप मेसेजवर येऊ लागले होते. ते यायचे त्यांच्या मुलाच्या, दिलीपच्या फोनवर. दिलीपचे विसरवाडीला हायवेवर टायरचे दुकान. तो मायेनेच, पण दुकानात उभा राहून सगळे मेसेज मोठ्याने वाचून दाखवी. नानांना आयुष्यात एकदा तरी एवढेच हवे होते, की आपल्याला आलेले आपल्याला सर्वांच्या आधी कळावे.

*

फोन घ्यायला आम्ही तिघे मिळून गेलो. नंदुरबारच्या बाजारातले दुकान होते. दुकानदार भला माणूस, त्याने आधी स्टुले पुढे सरकवली आणि मग काळजीने विचारले, "बरोबर कोणी नाही का?"

"आहोत ना," रायसिंग म्हणाला, "तिघे."

दुकानदाराने एक फोन दिला. माझ्या बोटाला तो बोलला. रायसिंगच्या बोटाला बोलला. नानांनी बोट ठेवले, फोन मुका. दुसरा फोन आणला, तेच. तिसरा जरा महागाचा होता. त्यानेही नानांना ओळख दाखवली नाही. नानांनी बोट जोरात दाबले, घासले, फुंकर मारून पुन्हा ठेवले. चाळीस वर्षे वेत ओढून त्यांच्या बोटांची टोके चपलेच्या तळासारखी झाली होती. काचेला ती माणसाची वाटतच नव्हती.

दुकानदार शेवटी संकोचून म्हणाला, "काका, फोन चांगला आहे. तुमचं बोट खराब आहे."

नाना शांतपणे म्हणाले, "भाऊ, चाळीस वरीस या बोटेसवर सरकार बठेल शे."

आणि त्यांनी फोन घेतला. तोच, महागाचा.

*

पुढचे दोन-तीन महिने आमची खोली प्रयोगशाळा झाली होती. बोटाचे पेर वाकवून त्याच्या मागच्या बाजूने टकटक करून पाहिली. चारात एकदा लागे. रायसिंगच्या सांगण्यावरून नानांनी नाक लावून पाहिले. नाकाने फोन उचलता येतो, हे निर्विवाद सिद्ध झाले. परंतु नाकाने उचललेल्या फोनपाशी कान वेळेवर पोचत नाही, हेही त्याच दिवशी सिद्ध झाले.

माझ्या आईने उपाय सांगितला: रात्री तेल लावायचे आणि सकाळी टाचा घासायच्या वजरीने बोटे घासायची. नानांनी तो आठवडाभर मनापासून केला. पुढच्या रविवारी त्यांचे बोट काचेवर एकदम बोलले. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग ते खुर्ची विणायला बसले आणि थोड्या वेळाने थांबले. मऊ झालेल्या बोटांत वेत घुसला होता. मी रुमाल दिला. तो ओला झाल्याचे मला हाताला कळले.

"वजरी बंद," नाना म्हणाले. "हात गया तं फोन कसाले?"



*

माझा स्वतःचा फोन मात्र एव्हाना बऱ्यापैकी हाताखाली आला होता. आमच्यापैकी अनेक जण पडद्याचा उजेड पूर्ण बंद करून ठेवतात. बॅटरी वाचते आणि शेजारच्याला काही दिसत नाही. वाचन चालूच असते, आवाज इअरफोनमध्ये येतो आणि पडदा काळा असतो.

असेच एकदा मी शहाद्याच्या गाडीत बसून परीक्षेचे वाचन करत होते. शेजारी एक मावशी होत्या. प्रकाशा गावाच्या पुलावर गाडीचा आवाज पोकळ होतो, तो झाला, आणि त्याच सुमारास मावशींनी माझ्या हातावर हात ठेवला.

"पोरी, फोन बंद पडेल शे तुन्हा."

मी सांगितले, चालू आहे. मावशींनी पलीकडच्या बाईला हळू आवाजात सांगितले, की पोरीला दिसत नाही, आणि घरच्यांनी बिचारीला बंद पडलेला फोन देऊन ठेवला आहे, कधीपासून त्यावर हात फिरवते आहे. पलीकडून "अरे देवा" असा उद्गार आला. मागच्या सीटवरच्याने घरच्यांविषयी कडक मत दिले.

घरच्यांची अब्रू राखणे भाग होते. मी इअरफोन काढला आणि आवाज मोठा केला. येथे सांगायला हवे, की सरावानंतर आम्ही वाचनाचा वेग पुष्कळ वाढवून ठेवतो. नवख्याला त्यातला एक शब्दही लागत नाही. त्या वेगात फोनने मध्ययुगीन जमीनमहसुलावर दोन परिच्छेद म्हटले.

मावशींनी, भांडणातून घ्यावा तसा, हात काढून घेतला.

"माय वं," त्या म्हणाल्या, "कोन भांडी ऱ्हायनं तुन्हासंगे?"

*

पुढचा किस्सा मी स्वतः ऐकलेला नाही. तो रायसिंगने सांगितला आहे, आणि रायसिंगच्या सांगण्यातून एक चतुर्थांश वजा करावा असा आमच्या खोलीचा संकेत होता. वजाबाकी करूनच लिहिते.

होळीला रायसिंग घरी गेला. काठीची होळी म्हणजे घरी पाहुण्यांची रीघ. त्यांच्या घरात पावरी बोलतात. मराठी घरात शिरते ती शाळेची किंवा कचेरीची म्हणून. कोणी शुद्ध मराठीत बोलत दारात आले, की तो ग्रामसेवक असणार किंवा मोजणीवाला.

रायसिंग आत बसून आलेले मेसेज ऐकत होता. त्याचे वडील बाहेरून आले. त्यांनी ऐकले, की आत कोणीतरी भारदस्त मराठीत सांगते आहे: आपला अर्ज प्राप्त झाला आहे, कृपया मूळ कागदपत्रांसह उपस्थित राहावे. वडिलांनी आवाज न करता अंगणात खाट टाकली, तिच्यावर धुतलेली गोधडी अंथरली, तांब्याभर पाणी ठेवले आणि होळीच्या दिवशी कोण साहेब आला म्हणून चिंतेत दाराशी उभे राहिले.

रायसिंग एकटाच बाहेर आला. काय झाले ते समजल्यावर तो ओशाळला. पण वडिलांनी फोन मागून घेतला, खाटेवर ठेवला, आणि त्याला आणखी थोडे बोलायला लावले. पूर्ण ऐकून घेतले. मग तांब्यातले पाणी स्वतः प्यायले.

"साहेब चांगला आहे," ते म्हणाले. "बोलतो खूप, पण कोंबडी मागत नाही."

*

हा अगदी लहान आहे. वाचनालयाच्या ग्रुपवर कोणाच्या तरी निवृत्तीनिमित्त एका सभासदाने अभिनंदन लिहून पुढे नमस्काराचे हात टाकले. डोळसांना ती एक ओळ दिसते. आमचा फोन मात्र प्रत्येक चिन्ह प्रामाणिकपणे वाचतो: जोडलेले हात, जोडलेले हात, जोडलेले हात. रायसिंगच्या फोनवर आम्ही ते शेवटपर्यंत ऐकले. नानांनी बोटांवर मोजले. अठरा भरले.

"त्याले मन्हाकडे कामले धाडा," नाना म्हणाले.

*

एप्रिल होता. वाचनालयाच्या बारा खुर्च्या विणायला निघाल्या होत्या आणि नाना आमच्या खोलीतच बसून त्या विणत होते. वेत सुका असला तर मोडतो, म्हणून तो पाण्यात भिजत घालावा लागतो. नानांच्या डाव्या हाताला बादली असे. पंख्याचा वारा, ओल्या वेताचा वास, जुन्या रद्दीचा वास आणि भोकांतून वेत ओढला जातानाचा करकर आवाज. दुपार म्हटली की अजून मला तीच आठवते.

दिलीपचा फोन दर रविवारी एकच्या सुमारास येई, जेवलात का म्हणून. तो उचलण्याचे काम रायसिंगचे किंवा माझे. त्या दिवशी रायसिंग बाकावर झोपला होता आणि मी पाणी आणायला गेले होते. दारापाशी परत आले तेव्हा आतली रिंग वाजता वाजता थांबली. मला वाटले, कट झाली.

"हं. बोल रे," नाना आत म्हणाले.

मी कळशी घेऊन तशीच उभी राहिले. फोन स्पीकरवर होता.

"नाना? फोन कोनी उचलना?"

"मी."

पलीकडे दुकानात कोणीतरी टायरवर हातोडी मारत होते. तो आवाजही थांबला. मग दिलीपने विचारले, "जेवनात का?"

"जेवनू," नाना म्हणाले. ते जेवले नव्हते. डबा माझ्याकडे होता.

नंतर आम्ही पद्धतशीर तपासले. कोरडे बोट: काही नाही. बादलीत बुडवून फडक्याला टेकवलेले बोट: फोन दहापैकी नऊ वेळा बोलला. निथळते बोट: फोनने आपल्या मनाने कॅमेरा उघडून छताचा फोटो काढला. उपाय तीन महिने नानांच्या डाव्या हाताला होता आणि आम्ही तिघे नाकापर्यंत जाऊन आलो होतो.

पुढच्या रविवारी रायसिंगने नानांसाठी एक छोटी गोल डबी आणली. आत ओला स्पंज.

"हाई कसानी डबी?"

रायसिंगने सांगितले, की पोस्टाच्या काउंटरवर तिकिटे चिकटवायला असते तशी.

नाना डबीवरून बोट फिरवत राहिले. मग हसू लागले, आणि बराच वेळ थांबले नाहीत. "चाला," ते म्हणाले, "पोस्टनं काहीतरी परत दिनं."

*

डबी आली, तसे नाना झपाट्याने शिकले. लिहिणे कठीण, म्हणून आम्ही त्यांना बोलून मेसेज पाठवायला शिकवले: खूण दाबायची, बोलायचे, पाठवायचे. बोलणे संपले की लगेच थांबवायचे, हे सांगायला आम्ही विसरलो.

नानांनी आपला पहिला मेसेज अंगणात बसून एका कार्यालयाच्या बडेबाबूंना पाठवला. तो असा पोचला: "साहेब, आठ खुर्च्या तयार शेत. सोमवारे लई येस. ए, ती बकरीले हाकल, वेत खाई ऱ्हायनी."

बडेबाबूंचे उत्तर ताबडतोब आले: "सोमवारी आणा. बकरीने किती खुर्च्या खाल्ल्या?"

परंतु तेवढ्यात फोन दिलीपने चार्जिंगला म्हणून दुकानात नेला होता. उत्तर त्याने वाचले. टायरवाल्यांनी ऐकले, चहावाल्याने ऐकले, गुजरातकडे निघालेल्या दोन ट्रक ड्रायव्हरांनी ऐकले. संध्याकाळी ते नानांपर्यंत पोचले तेव्हा सगळी विसरवाडी हसून मोकळी झाली होती.

नानांनीच आम्हाला हे सांगितले आणि तेही हसले. मग म्हणाले, "पन हसाले मी शेवटला व्हतू."

त्यानंतर ते फोन बंडीच्या खिशातच ठेवू लागले. तरी अडचण उरली. घरात फोन बोलला की सगळ्यांना ऐकू जाई. मेसेज नानांनी उघडला तरी सून, नातवंडे, दिलीप यांना त्याच क्षणी कळे. मी इअरफोन सुचवला. एवढ्या शांत माणसाने इतके ठाम उत्तर क्वचितच दिले असेल.

"नही. डोया गयात त्यानं माले काही वाटनं नही. कान बंद करसू तं मी आंधया व्हई जासू."

मी पुन्हा सुचवले नाही. नाना पाऊल टाकत ते कानांवर. पाठीमागून येणारी सायकल, हायवेवरचा ट्रक, दारात उभा राहिलेला माणूस, सगळे त्यांना कानांतून कळे. एक कान देऊन टाकणे काय असते, ते मला माहीत होते.

*

खोलीचा शेवटचा रविवार. वाचनालयाची ती बाजू पाडून नवी बांधायची ठरली होती. रायसिंगला धुळ्याला बँकेत नोकरी लागली होती, माझा निकाल लागला होता. ब्रेल खंड आम्ही खोक्यांत भरले. टेपरेकॉर्डर कोणी न्यावा यावर वाद होऊन तो तिथेच राहिला. बारावी खुर्ची तेवढी बाकी होती. नाना ती विणत होते आणि आम्ही दोघे भरलेल्या खोक्यांवर बसून वेताचा आवाज ऐकत होतो.

नानांच्या बंडीत फोन वाजला. रिंग नव्हे, मेसेज आल्याचा छोटा आवाज.

वेत थांबला. फोन बाहेर काढल्याचे ऐकू आले. डबीचे झाकण उघडले. मग काहीच ऐकू आले नाही, आणि ते काहीच बरेच लांबले.

"मनी," नाना म्हणाले, "ते कानमानं दे."

मी माझा इअरफोन काढून त्यांच्या हातात दिला. नानांनी वायर चाचपली, एक टोक फोनला लावले, दुसरे उजव्या कानात घातले. डावा कान आमच्याकडे मोकळा होता. मग काचेवर त्यांच्या बोटाचा आवाज आला. त्यांचे बोट काचेवर वाजते, लाकडी गोटीसारखे. टक, टक.

त्यांनी मेसेज तीन वेळा ऐकला. मी मोजले. रायसिंगच्या मते चार वेळा. आमचे यावर आजही एकमत नाही. तिसऱ्या वेळेनंतर ते नाकातून हलकेच हसले, किंवा तो सुस्कारा असेल. याबाबत मी खात्रीने काही सांगू शकत नाही.

त्यांनी इअरफोन काढला, वायरची नीट गुंडाळी करून माझ्या हातात ठेवली, डबीचे झाकण लावले.

रायसिंगला राहवले नाही. "नाना, काय आलं? कोणाचा मेसेज?"

नानांनी बादलीतून वेत उचलला, निथळू दिला आणि भोकात ओवला.

"मन्हा शे," ते म्हणाले.